दिवे गेले, कर्ता कोण?

१

रविवारी सकाळी दहा बेचाळीसला पाचही लाल दिवे गेले आणि तेरा गाड्या एकदम सुटल्या. चौदावी जागची हलली नाही. तिसऱ्या रांगेतली ती गाडी पाववाल्या काकांची. ती बंद पडली होती, आणि काकांनी खिडकीतून हात वर काढून तसं सांगितलंही होतं. पण मागच्या रांगेतून दातवाले डॉक्टर सुटले ते थेट काकांच्या डिकीत.

कुणी मेलंबिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरांच्या गाडीचं नाक चपटं झालं आणि काकांच्या उजव्या मनगटाच्या हाडाला चीर गेली. एवढंच. पण ज्याला रोज पहाटे पावाचं पीठ मळायचं असतं, त्याच्यासाठी मनगट म्हणजे निम्मं दुकान.

आमचा क्लब हौशी लोकांचा. आठवडाभर कुणी दात काढतं, कुणी पाव भाजतं, आणि रविवारी जुन्या धावपट्टीवर येऊन एकमेकांच्या पुढे जायला बघतं. मी वेळ-नोंदीच्या टेबलावर बसते. हातात स्टॉपवॉच, समोर वही. जे दिसेल ते वेळेसकट लिहायचं. तोंडही घड्याळासारखंच चालू असतं म्हणून सगळे मला टिकटिक म्हणतात. मला आवडतं.

आणि माझ्या डोक्यावर, चौथऱ्यावर, माझी आत्या. क्लबची स्टार्टर. यंदा तिचं विसावं वर्ष.

सुरुवात कशी होते ते नीट ऐका, कारण सगळी गोम त्यातच आहे. आधी पाच मिनिटांची पाटी आणि भोंगा. मग सगळे एक सावकाश फेरी मारतात आणि परत येऊन आपापल्या चौकोनात थांबतात. शेवटची गाडी थांबली की सगळ्यात मागे उभा असलेला माणूस हिरवा झेंडा हलवतो. मग आत्या पाच सेकंदांची पाटी दाखवते आणि लाल दिवे लावते. नवखे लोक इथेच फसतात. ते हिरव्या दिव्याची वाट बघत बसतात, आणि हिरवा दिवा आमच्याकडे नाहीच! लाल दिवे जातात. गेले की सुटायचं. दोन सेकंदांनी जातील की सात, ते फक्त आत्याला ठाऊक.

तिच्यापुढे दोन बटणं. काळं दाबलं की लाल दिवे जातात. पिवळं दाबलं की पिवळा दिवा लुकलुकतो, म्हणजे थांबा, काहीतरी बिघडलंय, कुणीही सुटायचं नाही.

काकांचा हात वर गेलेला आत्याने पाहिला. तिने बटण दाबलं. त्याच क्षणी दिवे गेले.

मग तिने दाबलं कुठलं?

२

"काळं!" डॉक्टर ओरडले. "सरळ आहे. पिवळं दाबायचं ते काळं दाबलं. म्हणूनच पिवळा दिवा लागला नाही. चष्मा बदला म्हणावं बाईंना!"

"डॉक्टर, आवाज खाली," हेडमास्तर म्हणाले. हे आमचे अध्यक्ष. तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलंय, त्यामुळे क्लबचं पत्रक वाचतानाही हातात लाल पेन असतं. "ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी एका ओळीत लिहून द्या. तीन वाजता सभा. तोवर शर्यती बंद."

चिठ्ठ्या गोळा करून आणायचं काम माझ्याकडे आलं. अकरा चिठ्ठ्या. दहांमध्ये एकच वाक्य: 'दिवे गेले.' फक्त डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'स्टार्टरबाईंनी दिवे घालवले.'

हेडमास्तरांनी पेनाने टेबलावर टकटक केलं. "दिवे गेले. यात कर्ता कोण?"

"दिवे," मी म्हणाले. (व्याकरणात मला नेहमी पैकीच्या पैकी. सांगायला काय लाज?)

"आणि 'घालवले'मध्ये?"

"स्टार्टरबाई."

"म्हणजे डॉक्टरांनी पाहिलं त्यापेक्षा एक कर्ता जास्त लिहिला." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "पण टिकटिक, दिवे आपण होऊन जात नसतात. दुसरा कर्ता सापडला नाही तर तीन वाजता मला तुझ्या आत्याचंच नाव लिहावं लागेल. आणि मग तिला चौथरा सोडावा लागेल."

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

३

आत्या चौथऱ्याच्या पायरीवर बसून झेंडे गुंडाळत होती. लाल, पिवळा, हिरवा. प्रत्येक झेंडा ती काठीभोवती असा घट्ट गुंडाळते की उलगडताना फट्‌ असा आवाज येतो. आज सैल गुंडाळत होती.

"आत्या, तू पिवळंच दाबलंस ना?"

"दाबलं असं वाटतंय."

"वाटतंय?"

"अगं, वीस वर्षं दर रविवारी शेवटी काळं बटण दाबतेय मी. अंगठ्याला वळण पडतं. मनात पिवळं असेल आणि अंगठा काळ्यावर गेला असेल. त्याला कोण काय करणार?" तिने गुडघा चोळला. "त्याचं मनगट बघितलंस? माझ्या अंगठ्यामुळे झालं असेल तर मी इथे उभं राहू नये, हेच बरोबर आहे."

मला रडूच येणार होतं, म्हणून मी चिडले. मला ते जास्त जमतं. "तू असं बोलायला लागलीस तर डॉक्टरांची काय चूक?"

"त्यांची चूक नाहीच. नाक त्यांच्या गाडीचं गेलंय."

खरं तर आजचा दिवस तिला गंमत दाखवायचा होता. तिचा गुडघा दुखतो आणि चौथऱ्याचा जुना कठडा हातात धरला की डुगडुगतो. म्हणून मागच्याच आठवड्यात मी क्लबच्या वायरमन मामांना गळ घातली होती, "विसाव्या वर्षाची भेट म्हणून नवा लोखंडी कठडा करून द्या ना. रविवारी दुपारच्या शर्यतीच्या आत हवा हं! आत्याला कळता कामा नये." आता चौथराच जाणार होता, कठड्याला काय चाटायचंय?

"धडक झाल्यावर तू काय केलंस?" मी विचारलं.

"हातातला लाल झेंडा उघडला आणि सगळ्यांना थांबवलं. दिव्यांकडे बघितलंच नाही. झेंड्याला वीज लागत नाही, बटण लागत नाही. माझा आपला त्याच्यावर जास्त विश्वास."

मी तेही लिहून घेतलं. का लिहिलं ते तेव्हा कळलं नव्हतं.

४

डॉक्टर आपल्या चपट्या गाडीसमोर उभे होते. दाढ उपटायच्या आधी पेशंटकडे बघतात तसे.

"डॉक्टर, तुम्हाला संगणकाने सुरुवात करायची यंत्रणा आणायचीय ना? वर्षभर सभेत तेच सांगताय."

"हो. मग?"

"मग आत्या गेली तर तुमचा फायदाच."

"ए टिकटिक, फायद्यासाठी मी माझीच गाडी फोडेन होय? रंग लावून महिनाही नाही झाला!" मग त्यांचा आवाज उतरला. "काकांचा हात मला दिसलाच नाही गं. मी दिव्यांकडे टक लावून बसलो होतो. गेले, सुटलो. तुझ्या आत्यावर ओरडलो, कारण स्वतःवर ओरडलेलं बरं दिसत नाही."

डॉक्टरांचं नाव मी खोडलं. जरा नाइलाजानेच.

वायरमन मामा पत्र्याच्या शेडमागून आले. दिवे, भोंगा, सगळ्या तारा त्यांच्याकडे. शिवाय सुरुवातीच्या वेळी आग विझवायचं नळकांडं घेऊन रेषेपाशी उभं राहायचं कामही त्यांचंच. त्यांचे डोळे लालभडक झाले होते आणि पाणी गळत होतं.

"काय झालं डोळ्यांना?"

"कचरा गेला. वारं आहे ना."

धावपट्टीवरचे झेंडे काठीला चिकटून लोंबत होते. "दिवे तपासलेत का, मामा?"

"तपासले. काळं दाबलं की जातात, पिवळं दाबलं की लुकलुकतात. दिव्यांत दोष नाही." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "आणि ते... तुझं काम झालंय. दुपारी रंग वाळला की बसवतो."

मी वही चाळली. 'दहा त्रेचाळीस: पाचजण धावले.' मग 'दहा पंचेचाळीस: मामा नळकांडं घेऊन आले.' दर वेळी सगळ्यांच्या आधी पोचणारा माणूस आज सगळ्यांत शेवटी? मी त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. मग मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मामांनी मला सायकल शिकवलीय.

उरल्या किटली काकू. कँटीन त्यांचं. त्या आत ट्यूबलाइटखाली कप विसळत होत्या.

"काकू, शर्यत सुटली तेव्हा तुम्ही काय पाहिलंत?"

"मी कसली बघतेय? ही बघ खिडकी, पार्किंगकडे उघडते. अकरा वर्षांत एक शर्यत पाहिली असेन तर शपथ. गाड्या उभ्या असलेल्या तेवढ्या बघते मी."

"मग तुम्ही कुठे होतात?"

"इथेच की. दिवे गेले तेव्हा किटली लावलेली होती. आज पाणीही मेलं उकळेना. धर, हा चहा घे, अर्धाकच्चा आहे, पण पैसे देऊ नकोस."

मी चहा घेतला. खरंच पांचट होता. वहीत लिहिलं: 'काकू: दिवे गेले तेव्हा किटलीपाशी.' आणि बाहेर पडले. सगळ्यांना विचारून झालं होतं, आणि हातात भोपळा.

५

मी बाहेरच्या बाकावर बसून चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. दिवे गेले. दिवे गेले. दिवे गेले. एखादं वाक्य दहा वेळा वाचलं की ते विचित्र दिसायला लागतं ना, तसं झालं. आमच्या क्लबात दिवे गेले म्हणजे शर्यत सुटली. पण घरी? घरी आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अगं, दिवे गेले, मेणबत्ती आण!"

हातातला कप तसाच राहिला.

काकूंना सुरुवातीचे दिवे दिसतच नाहीत! त्यांची खिडकी पार्किंगकडे!

मी इतक्या जोरात आत शिरले की काकूंच्या हातातला कप सुटता सुटता राहिला. "काकू! कुठले दिवे गेले?"

"अगं बाई, केवढ्याने ओरडतेस! हे दिवे. इथले. फटकन अंधार झाला, किटलीही बंद. थोड्या वेळाने आले परत. तुम्हाला बाहेर उन्हात काय कळणार?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! तू लिहूनही घेतलंस."

घेतलं होतं. माझ्याच अक्षरात.

"किती वाजता? काकू, आठवा ना!"

"मी काय घड्याळ लावून बसलेय? आणि तो रेडिओही बघ, सकाळपासून उगाच डोळे मिचकावतोय."

फळीवरच्या त्यांच्या रेडिओला आकड्यांचं घड्याळ आहे. तसलंच माझ्या खोलीत आहे, म्हणून मला ते माहीत आहे. वीज गेली की वेळ विसरतं, आणि वीज आली की बारापासून नव्याने मोजत, लुकलुकत बसतं. आता ते बारा सेहेचाळीस दाखवत होतं. माझ्या मनगटावर साडेअकरा.

म्हणजे वीज येऊन सेहेचाळीस मिनिटं झाली. म्हणजे ती आली दहा चव्वेचाळीसला. आणि शर्यत सुटली दहा बेचाळीसला!

मी नाचलेच. काकू म्हणाल्या, चहात काही पडलं होतं का.

आत्याने पिवळंच दाबलं होतं. पण दाबेपर्यंत वीजच गेली होती. वीज नाही, मग लाल गेले आणि पिवळा लागला नाही. हुबेहूब काळं बटण दाबल्यासारखं! दुसरीकडे कुठे वीज गेली की सगळं थांबतं. आमच्याकडे वीज गेली की शर्यत सुटते. वीस वर्षांत हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नंतर आत्याने झेंडा वापरला, म्हणून दिवे मेलेत हेही कळलं नाही.

पण बाहेरची वीज गेली तर तासभर तरी येत नाही; दोन मिनिटांत आली म्हणजे आमचाच खटका पडला होता. बोर्डातला खटका पडला की तो कुणीतरी वर करावा लागतो. आणि बोर्ड होता पत्र्याच्या शेडमागे.

माझं नाचणं थांबलं.

६

शेडमध्ये एका कोपऱ्यात नवा कठडा उभा होता. काळा रंग अजून ओला. खाली जमिनीवर वितळलेल्या लोखंडाचे बारीक मणी. बाजूला वेल्डिंगचं यंत्र, आणि त्याची जाड वायर बोर्डाकडे गेलेली.

मामा एका डब्यावर बसले होते. ओला रुमाल डोळ्यांवर.

"कचरा नाही गेलेला," मी म्हणाले.

"नाही." त्यांनी रुमाल काढला नाही. "वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढे न धरता दोन टाके मारले. घाई होती."

"भोंगा झाला की सगळी यंत्रं बंद करायची असतात ना?"

"भोंगा ऐकला गं मी. एकच टाका राहिला होता. म्हटलं, फेरी मारून येईस्तोवर होईल. ठिणगी पाडली आणि खटका पडला. डोळे दिपलेले, तो चाचपडत शोधतोय तर तिकडे धाड्‌ ऐकू आलं." त्यांनी रुमाल पुन्हा डोळ्यांवर दाबला. "सांगणारच होतो. पण सगळे म्हणाले बाईंचा अंगठा चुकला. मग बाईपण म्हणाल्या, चुकला असेल. एकदा गप्प बसलं की दर मिनिटाला तोंड उघडणं जड होतं."

"पण एवढी कसली घाई होती, मामा?"

आता त्यांनी रुमाल काढला.

"तूच म्हणालीस ना? दुपारच्या आत हवा."

७

तीन वाजता कँटीनमध्ये सभा भरली. हेडमास्तरांपुढे नोंदवही. आत्याने गुंडाळलेला लाल झेंडा त्यांच्यासमोर ठेवला. पाववाले काका हाताला पट्टा बांधून कोपऱ्यात. शेडमधून निघताना मी मामांना एवढंच म्हटलं होतं, "मी माझं सांगणार. तुमचं तुम्ही बघा." दुपारभर मला जेवण गेलं नव्हतं, आणि हे माझ्या बाबतीत फार दुर्मीळ आहे.

मी उभी राहिले. किटली, रेडिओ, बारा सेहेचाळीस, सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर मध्ये बोलायला गेले तेव्हा काकूच म्हणाल्या, "थांबा हो, माझी किटली साक्षीदार आहे!"

"म्हणजे वीज गेली," हेडमास्तर हळूच म्हणाले. "उत्तम. पण कर्ता अजून मिळाला नाही."

"मिळालाय, सर. आधी माझं नाव लिहा." मी माझी वही त्यांच्यापुढे सरकवली. "मी आत्याच्या चौथऱ्यासाठी कठडा मागितला आणि आजच्या आज हवा म्हणून हट्ट केला. मला फक्त तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

"तो बसलाच," पाववाले काका म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं.

मग मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मामा उभे होते.

"पोरीने कठडा मागितला. भोंग्यानंतर ठिणगी पाडायला नव्हतं सांगितलं. ते मी केलं. आणि गप्पही मीच बसलो. बाई, तुम्ही तो झेंडा उचला बरं आधी. मला बघवत नाही."

आत्या झेंडा उचलायच्या आधी बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत होती. जणू तो आत्ताच परगावाहून आला होता.

"पिवळंच दाबलं होतं मी," ती म्हणाली.

"पिवळंच, आत्या."

डॉक्टर उठले, तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, "चष्म्याचं बोललो ते माफ करा. तुमचे दात आयुष्यभर फुकट बघीन."

"माझे दात चांगले आहेत, डॉक्टर. पुढच्या वेळी दिव्यांबरोबर पुढची गाडीही बघा, तेवढं पुरे."

हेडमास्तरांनी लाल पेनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काट मारली. मग नियम लिहिले. सुरुवातीच्या दिव्यांना स्वतंत्र बॅटरी लागेपर्यंत शर्यत झेंड्यानेच सुटेल. वायरमन दोन महिने रेषेपाशी येणार नाहीत, आणि मनगट बरं होईपर्यंत पहाटे काकांचं पीठ मळतील. वेळ-नोंदनीस बाई रोज शाळेआधी पावाचे ट्रे धुतील. (वेळ-नोंदनीस बाई म्हणजे मी. पहाटे पाच! पण 'बाई' लिहिलं म्हणून मी काही बोलले नाही.)

"सर," आत्या म्हणाली, "बॅटरी येईपर्यंत झेंडा चालेल. पण आज एकदा मला दिव्यांनीच सोडू द्या. नाहीतर हा अंगठा मला रात्रभर विचारत बसेल."

चार वाजता पुन्हा भोंगा झाला. कँटीनमधली किटली, रेडिओ, ट्यूबलाइट, शेडमधली सगळी यंत्रं, झाडून सगळ्यांचे प्लग काढले. मोकळ्या बोर्डासमोर मामा हाताची घडी घालून राखणीला बसले. काकू त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मान उंचावून रेषेकडे बघू लागल्या. बारा गाड्या चौकोनांत थांबल्या. अगदी मागे पाववाले काका उभे होते. त्यांनी डाव्या हाताने हिरवा झेंडा हलवला.

आत्याने एक हात नव्या कठड्यावर ठेवला. रंग अजून थोडा ओला होता. तिच्या तळव्याला काळा पट्टा उमटला, तो तिने बघितला आणि पुसला नाही.

पाच लाल दिवे लागले. मी स्टॉपवॉचवर बोट ठेवलं. दोन सेकंद. तीन. चार.

मग दिवे गेले. नाही, थांबा, नीट लिहिते. माझ्या आत्याने दिवे घालवले.